पेन्शनबाहेरचे अवचित पैसे : तुम्ही त्यांचं काय करता?

दुपारचा_चहा :
पेन्शन खात्यात येते तेव्हा ती आधीच वाटून झालेली असते. औषधं, सोसायटीचा मेंटेनन्स, लाईट बिल, कामवाल्या ताईंचा पगार. तिचा आधार आहेच, पण आनंद म्हणाल तर मला होतो तो आपण धरलेलेच नसतात अशा पैशांचा. महागाई भत्त्याचा फरक, इन्कम टॅक्सचा रिफंड, एखाद्या जुन्या पासबुकातली शिल्लक, अगदी रद्दीचे आले तरी. माझं म्हणणं असं की हे पैसे घरखर्चात मिसळायचेच नाहीत. वेगळ्या पाकिटात ठेवायचे आणि स्वतःवरच खर्च करायचे, तेही ज्याची गरज नाही पण हौस आहे अशा गोष्टीवर. आमच्या ह्यांचं मत बरोबर उलटं, आले की एफडीत टाका. तुमच्याकडे काय करता? आणि हे पैसे कुठून कुठून येतात तेही लिहा प्लीज, कारण मला खात्री आहे की आपल्यातल्या बऱ्याच जणांचे पैसे कुठेतरी पडून आहेत आणि आपल्याला पत्ता नाही.

सह्याद्री_वारा :
हौस पार्टीला माझं मत. एफडी करायला उरलेलं आयुष्य आहेच की.

निवृत्त_कॅशियर :
ताई, धागा फार कामाचा काढलात. बँकेच्या काउंटरमागे आयुष्य गेलंय म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ज्या खात्यात १० वर्षं काहीच व्यवहार नाही, किंवा मुदत संपून १० वर्षं झाली तरी जी एफडी कुणी घेतलेली नाही, ते पैसे बँक रिझर्व्ह बँकेच्या एका फंडाकडे वर्ग करते. हा फंड २०१४ सालापासून आहे. लोकांना वाटतं तिकडे गेले म्हणजे बुडाले. अजिबात नाही. तुमचा किंवा तुमच्या वारसांचा हक्क तसाच राहतो आणि मागायचे आपल्या बँकेकडेच, रिझर्व्ह बँकेत खेटे घालायला लागत नाहीत.

आता शोधायचं कसं, तर २०२३ च्या ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेने 'उद्गम' नावाचं पोर्टल काढलं. आपला मोबाईल नंबर टाकून नोंदणी करायची, मग खातेदाराचं नाव, बँका निवडायच्या (सगळ्या एकदम निवडता येतात) आणि पॅन, व्होटर आयडी, लायसन्स, पासपोर्ट किंवा जन्मतारीख यातलं निदान एक द्यायचं. नाव सापडलं तर एक नंबर मिळतो, तो घेऊन शाखेत जायचं. एक अनुभवाची गोष्ट सांगतो, नाव वेगवेगळ्या स्पेलिंगने टाकून बघा. जुन्या लेजरमध्ये आम्हीच लोकांची नावं हाताने लिहायचो, मधलं नाव कधी पूर्ण कधी फक्त आद्याक्षर, आणि बायकांची खाती तर माहेरच्या नावानेही असतात. आणि फक्त स्वतःचं नाव टाकून थांबू नका. आई, वडील, सासू, सासरे, अविवाहित आत्या, सगळ्यांची नावं टाका.

मोगरा_५८ :
कॅशियर दादा, आत्याचं नाव टाकलं आणि सापडलं!!! आमची आत्या शाळेत शिक्षिका होती, एकटी राहायची. आता पुढे काय करू? ती जाऊन बरीच वर्षं झाली. नॉमिनी कोण आहे ते माहीत नाही.

निवृत्त_कॅशियर :
वा! अभिनंदन. आधी त्या शाखेत जाऊन मृत्यूचा दाखला दाखवा आणि नॉमिनी नोंदवलाय का ते विचारा. असेल तर काम सोपं, त्याची ओळखपत्रं आणि क्लेम फॉर्म. नसेल तर कायदेशीर वारस कोण ते दाखवावं लागतं, रक्कम लहान असेल तर बँका साधारणपणे इन्डेम्निटी बाँड (पुढे कुणी दावा केला तर भरपाई देऊ असं हमीपत्र) आणि बाकी वारसांच्या ना-हरकतीवर भागवतात. त्यामुळे भावंडांना आधी सांगा, पैसे आल्यावर सांगू नका. नात्यात कडवटपणा येतो तो ह्याच ठिकाणी, मी काउंटरवरून खूप पाहिलाय.

वऱ्हाडी_बाणा :
नागपूरहून नमस्कार. सगळ्यात मोठी लॉटरी कुणीच लिहिली नाही अजून. कम्युटेशन! रिटायर होताना पेन्शनचा काही भाग विकून एकरकमी पैसे घेतले होते ना, तो कापलेला भाग १५ वर्षांनी परत चालू होतो. मी विसरूनच गेलो होतो बाप्पा. एक दिवस मेसेज आला, रक्कम नेहमीपेक्षा जास्त. बायकोला म्हटलं बँकेची काहीतरी गडबड दिसते, आता वसुली येते. ती म्हणाली आधी शांतपणे ऑर्डर काढून वाच. पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीची ती ऑर्डर, काढली तेव्हा उलगडा झाला. त्या संध्याकाळी दोघंही फुटाळा तलावावर जाऊन बसलो होतो, काही खास केलं नाही, भुट्टे खाल्ले.

कोकणकडा :
@वऱ्हाडी_बाणा मग डीए, म्हणजे महागाई भत्ता पण वाढला असेल ना त्या हिशोबाने?

पाटीवरचा_खडू :
नाही, डीए वाढत नाही. कारण तो पहिल्यापासून पूर्ण मूळ पेन्शनवरच मिळत असतो, कापून उरलेल्या पेन्शनवर नाही. वाढतो तो फक्त कापलेला भाग. आणि १५ वर्षं मोजायची ती रिटायरमेंटच्या तारखेपासूनच असं धरून चालू नका, कम्युटेशनमुळे पेन्शन कमी झाली त्या तारखेपासून मोजा. बहुतेक वेळा आपोआप होतं पण तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवावी आणि झालं नाही तर अर्ज द्यावा.

अजून एक. केंद्राच्या पेन्शनरांना ८० पूर्ण झाली की मूळ पेन्शनच्या २० टक्के जादा मिळतात, ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि शंभरीला १०० टक्के. फॅमिली पेन्शनलाही हे लागू आहे. बँकेत जन्मतारीखच नोंदलेली नसेल तर मात्र हे अडून बसतं, विशेषतः आईच्या फॅमिली पेन्शनच्या बाबतीत. घरी कुणी असेल तर पीपीओवर तिची जन्मतारीख आहे का ते आजच बघा.

आता मूळ प्रश्न. दुपारचा_चहा ताई, मला तुमचं पटत नाही. मी शिक्षक होतो, माझे अवचित पैसे नातवंडांच्या नावाने जातात. मला स्वतःवर खर्च करण्यात खरंच मजा येत नाही. पुस्तकं भरपूर आहेत, कपडे भरपूर आहेत, अजून काय घेऊ?

सह्याद्री_वारा :
शंभरीला डबल पेन्शन! सर, मी आजपासून जिना चढायला लागलो.

दुपारचा_चहा :
@पाटीवरचा_खडू सर, वस्तूच घ्यायला हवी असं कुठे म्हटलं मी. मागच्या रिफंडातून मी हार्मोनियमची दुरुस्ती केली. लग्नाआधीची पेटी, भाता फाटलेला, दोन स्वर बोलतच नव्हते. नोकरीत असताना दर वर्षी म्हणायचे पुढच्या वर्षी करू. आता रोज अकरा वाजता बसते, शेजारच्या आजी दार उघडं ठेवा म्हणून सांगून गेल्या. नातवंडांना हे पण द्यायचं असतं ना सर, आजी पेटी वाजवते ही आठवण?

पाटीवरचा_खडू :
हा मुद्दा विचार करण्यासारखा आहे. पण नातवंडांच्या खात्याबद्दल मी ठाम आहे.

गिरणगावचा_भोंगा :
सगळ्यांचं वाचून बरं वाटलं पण एक बाजू मांडतो, राग मानू नका. मी प्रायव्हेटमध्ये होतो, ईपीएस ९५ वाला, म्हणजे पीएफ ऑफिसकडून पेन्शन घेणारा. किमान पेन्शन २०१४ पासून १००० रुपये आहे आणि त्याला महागाई भत्ता नावाची गोष्टच नाही. म्हणजे दहा वर्षांपूर्वी हजार आणि आजही हजार. कम्युटेशन, फरक, जादा टक्के हे शब्द आमच्या घरात येत नाहीत. त्यामुळे पाकीट वेगळं ठेवायचं की नाही हा प्रश्न ज्यांना पडतो ते नशीबवान आहेत असं मी मनापासून म्हणतो.

तरी रिटायर आयुष्य वाईट नाही हेही सांगतो. सकाळी वाचनालयात जातो, सगळे पेपर तिथे, शब्दकोडं आम्ही चौघं मिळून सोडवतो, एकाला नद्या माहीत, एकाला पुराण, मला सिनेमाची गाणी. नोकरीत असताना लोकलमध्ये उभ्याने हेडलाईन वाचायचो तेवढंच. आता अग्रलेख पूर्ण वाचतो आणि त्यावर भांडतोही. दुपारी मुलाच्या मुलीला शाळेतून आणायचं काम माझ्याकडे आहे. ती रस्ताभर बोलते. ते काम मला कुणी पैसे देऊन सोडायला सांगितलं तरी सोडणार नाही.

दुपारचा_चहा :
राग कसला काका. तुम्ही लिहिलंत ते बरोबर आहे, हजार रुपयांत औषधाची एक पट्टी पण धड येत नाही. ही रक्कम वाढायलाच हवी.

लेकीची_नजर :
काका, एक विचारू? नोकऱ्या बदलल्या असतील तर सगळ्या ठिकाणचा पीएफ ट्रान्स्फर झाला होता का? माझ्या बाबांच्या पहिल्या कंपनीचा पीएफ तसाच पडून होता, कारण तेव्हा यूएएन, म्हणजे सगळ्या नोकऱ्यांना मिळून एकच पीएफ नंबर, नव्हता, प्रत्येक कंपनीचा वेगळा नंबर असायचा. जुनी सॅलरी स्लिप मिळाली तर त्यावर तो नंबर असतो. ती घेऊन पीएफ ऑफिसला विचारता येतं.

गिरणगावचा_भोंगा :
पहिली सहा वर्षं एका लहान कारखान्यात होतो, तो बंद पडला. स्लिपा बायकोने ट्रंकेत ठेवल्यात बहुतेक, ती काहीच टाकत नाही. बघतो. धन्यवाद बाळा.

माळ्यावरची_ट्रंक :
काहीच न टाकणाऱ्या समस्त बायकांचा विजय असो! आमच्याकडे माळा आवरणं हे ह्यांचं रिटायरमेंटनंतरचं काम, रोज एक पिशवी खाली काढायची आणि कागद कागद वाचायचा. मला आधी वाटलं नुसता पसारा होणार. पण त्यात सासऱ्यांच्या नावाचे शेअर निघाले, कागदी सर्टिफिकिटं, पिवळी पडलेली. त्याचं काय करतात?

निवृत्त_कॅशियर :
जपून ठेवा, लॅमिनेशन मात्र करू नका. कागदी शेअर २०१९ च्या एप्रिलपासून ट्रान्स्फर होत नाहीत, वारसाच्या नावावर करताना डीमॅट, म्हणजे शेअर ऑनलाईन ठेवायचं खातं, लागेल. सलग ७ वर्षं डिव्हिडंड कुणी घेतला नसेल तर डिव्हिडंड आणि शेअर दोन्ही सरकारच्या गुंतवणूकदार फंडाकडे, आयईपीएफकडे गेले असतील. तिथून परत मिळतात, फॉर्म आयईपीएफ-५ भरावा लागतो. आधी कंपनीच्या रजिस्ट्रारला फोलिओ नंबर घालून पत्र लिहा. वेळ लागतो, चिकाटी लागते, पण रिटायर माणसाकडे या दोन्ही गोष्टी आहेत. कमिशनवर करून देतो म्हणणारे फोन येतील, सही करण्याआधी किती टक्के ते लेखी बघा.

मोगरा_५८ :
मला एक लहानशी लॉटरी सांगायचीये. पैठणीच्या घडीत २००० ची नोट सापडली. बँक घेत नाही म्हणाले. गेली का ती?

निवृत्त_कॅशियर :
नाही गेली. २०२३ च्या मे महिन्यात चलनातून मागे घेतली पण ती अजून कायदेशीर चलन आहे. बँकांत बदलायची मुदत ऑक्टोबर २०२३ ला संपली. आता रिझर्व्ह बँकेच्या ठराविक १९ ऑफिसांतच, आपल्याकडे मुंबई, बेलापूर आणि नागपूर. जाणं जमत नसेल तर पोस्टाने पाठवून खात्यात जमा करून घेता येते. २०१६ च्या जुन्या पाचशे-हजारच्या नोटा मात्र गेल्या त्या गेल्याच.

कोकणकडा :
आणि जुनी नाणी-नोटा लाखांना विकत घेतो अशा जाहिराती दिसतात त्यात पडू नका. रिझर्व्ह बँकेच्या नावाने टॅक्स आणि कमिशन आधी भरायला लावतात. रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये स्वतःच सांगितलंय की ती असा काही व्यवहार करत नाही. पैसे मिळायच्या आधी पैसे मागितले की फोन ठेवायचा. गेलेच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला लगेच फोन, जितका लवकर तितकं बरं.

लालपरीचा_प्रवासी :
पैसे पैसे चाललंय सगळं, माझी लॉटरी म्हणजे एसटी. २०२२ च्या ऑगस्टपासून ७५ च्या वर फुकट, आणि मला त्याच वर्षी पंचाहत्तर लागली, जणू माझी वाट बघत होते! आधार कार्ड दाखवायचं, कंडक्टर शून्य रुपयांचं तिकीट देतो. सुरुवातीला उगाच लाज वाटायची. एका कंडक्टरनेच सांगितलं, आजोबा तिकीट आहे हे, ऐटीत बसा. मग काय, कराडला बहीण, वाईला मित्र, पंढरपूर, अक्कलकोट. कुणाकडे जायला आता निमित्त लागत नाही. बहिणीकडे सकाळी जातो, गप्पा मारतो, वांगी घेऊन संध्याकाळी परत. एवढं आम्ही लहानपणानंतर कधी भेटलोच नव्हतो.

सह्याद्री_वारा :
मी ६८, मला अर्धं तिकीट. बायकोलाही अर्धं, पण ती म्हणते माझं महिला म्हणून आहे, म्हातारी म्हणून नाही. दोघांत एक पूर्ण.

मोगरा_५८ :
हे मात्र खरं, २०२३ च्या मार्चपासून सगळ्या बायकांना अर्धं. वय सांगावंच लागत नाही हे त्यातलं सगळ्यात छान.

कोकणकडा :
रेल्वेची सवलत २०२० च्या मार्चमध्ये बंद केली ती कधी सुरू करणार? पुरुषांना ४० टक्के आणि बायकांना ५० टक्के होती. लोअर बर्थचा कोटा तेवढा चालू आहे.

घरचा_पगार_नाही :
विषयांतर होतंय पण लिहिते. इथे सगळे रिटायर, मी गृहिणी. माझी रिटायरमेंट कधी? हे घरी आल्यापासून चहाचे कप वाढले, दुपारचा डुलका गेला आणि डब्यांवर लेबलं आली. मोहरीच्या डब्यावर 'मोहरी'. अहो उघडलं की दिसते ना!

पाटीवरचा_खडू :
ताई, लेबलं सहन करा, पण कामं वाटून घ्या. माझ्याकडे भाजी आणणं, निवडणं, इस्त्री आणि दूध तापवणं आहे. मेथी निवडायला मला मनापासून आवडतं, रेडिओ लावून बसतो. इस्त्री तर विचारूच नका, कॉलरपासून सुरुवात करायची, मग बाह्या, मग पाठ. चाळीस वर्षं मुलांच्या वह्या तपासल्या, काम संपलं असं कधी वाटलंच नाही. इस्त्रीची चळत संपते आणि संपलेली डोळ्यांना दिसते.

घरचा_पगार_नाही :
सर तुमची ही पोस्ट ह्यांना मोठ्याने वाचून दाखवली. उद्यापासून मेथी त्यांच्याकडे.

लेकीची_नजर :
नोव्हेंबर जवळ आला म्हणून आठवण, पेन्शन चालू राहावी म्हणून दर वर्षी द्यायचा हयातीचा दाखला. बाबांच्या बोटांचे ठसे मशीनवर उमटतच नाहीत, वयानुसार रेषा झिजतात. आता चेहऱ्यावरून होतं, घरच्या मोबाईलवर. दोन ॲप लागतात, आधार फेस आरडी आणि जीवन प्रमाण. उजेड समोरून हवा, पाठीमागे खिडकी नको, आणि सांगेल तेव्हा डोळे मिटून उघडायचे. मोबाईलवर जमत नसेल तर पोस्टमन घरी येऊन करतो, ७० रुपये घेतात. ८० च्या वरच्या केंद्रीय पेन्शनरांना १ ऑक्टोबरपासूनच देता येतो. ईपीएसवाल्यांना नोव्हेंबरचं बंधन नाही, दिल्यापासून वर्षभर चालतो, भोंगा काका तुमच्यासाठी लिहिलंय. आणि फोनवरून दाखला करून देतो, ओटीपी सांगा, असा कुणाचाही फोन आला तर तो चोरच.

माळ्यावरची_ट्रंक :
आमचे हे ॲपमध्ये डोळे मिटले ते उघडेचनात, म्हणे डुलकी लागली. तिसऱ्या वेळी हयात ठरले!

गिरणगावचा_भोंगा :
ट्रंक उघडली. पहिल्या कारखान्याच्या स्लिपा मिळाल्या, पीएफ नंबर स्वच्छ दिसतोय. सोमवारी वांद्र्याच्या ऑफिसला जाऊन येतो. रक्कम किती असेल कल्पना नाही, त्या वेळी पगारच किती होता. पण पेन्शनसाठी ती वर्षं धरली गेली तर ते मला जास्त हवंय. बाळा तू विचारलं नसतंस तर ट्रंक उघडली नसती.

निवृत्त_कॅशियर :
काका, झेरॉक्स काढून न्या, मूळ स्लिपा कुणाकडेही ठेवून येऊ नका. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या.

मोगरा_५८ :
अपडेट. आत्याची बँक सापडली पण ती देना बँक होती, आता ती बँकच नाही. भाचे कंपनीत चर्चा चालू झालीये.

निवृत्त_कॅशियर :
१ एप्रिल २०१९ ला देना आणि विजया या दोन्ही बँक ऑफ बडोदात विलीन झाल्या. बडोदाच्या त्याच भागातल्या शाखेत जा, जुना खाते नंबर आणि उद्गमचा नंबर दोन्ही न्या.

दुपारचा_चहा :
मोगरा, मिळाले की काय करणार ते सांग. माझा प्रश्न अजून अर्धवटच आहे, एफडी पार्टी का हौस पार्टी?

मोगरा_५८ :
आम्ही चार भाचवंडं आहोत. काल फोनवर ठरलं की वाटून घ्यायचेच नाहीत. आत्या ज्या शाळेत शिकवायची तिथल्या वाचनालयाला तिच्या नावाने पुस्तकं द्यायची. आणि पैशातून थोडे काढून चौघांनी एकदा एकत्र जेवायचं, कारण आत्या दर मे महिन्यात आम्हाला आंब्याच्या रसाला बोलवायची आणि ती गेल्यापासून चौघं एका पंगतीला बसलोच नाही. त्यामुळे ताई, दोन्ही पार्ट्यांत नाही मी.

पाटीवरचा_खडू :
पुस्तकांची यादी करायला मदत हवी असेल तर सांगा. पाचवी ते दहावीच्या मुलांना काय आवडतं ते मला चांगलं माहीत आहे, आणि वेळ भरपूर आहे.

मोगरा_५८ :
सर, नक्की! शाळा मराठी माध्यमाची आहे, मुली जास्त आहेत. व्यनि (खासगी निरोप) करते.